तारिबाने विणलेलं नववं वस्त्र

तारिबा आठ वर्षं लिसिनदेवीचं वस्त्र विणत होती, पण देवी तिने कधी पाहिली नव्हती. अदाब शहरातला रिवाजच तसा. गाठी मारलेल्या दोरीवरून माप घ्यायचं, जमिनीवरच्या मागावर विणायचं आणि नववर्षाला देवळाच्या उंबऱ्याशी जाऊन पुजारी बलालाच्या हाती सोपवायचं. तिथवर गेलेलं वस्त्र माघारी न्यायचं नाही, जमिनीला टेकवायचं नाही.

लिसिन ही लेकरू हरवलेली देवी. नऊ वर्षांपूर्वी शत्रूच्या एलामी सैन्याने शहर लुटलं तेव्हा तारिबाच्या मुलालाही, एरीबला, धरून नेलं होतं. म्हणून विणताना ती एकच विचारी, "आई, येईल ना गं तो?"

यंदा मात्र सून लमासीला एका कुंभाराने मागणी घातली होती.

"आत्याबाई, तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार. पण काहीतरी बोला. तो काय जन्मभर चाक थांबवून बसणारे?"

"देवीला विचारून सांगते."

"इतकी वर्षं विचारताय. बहिरी आहे का ती?"

"जीभ आवर!"

नववर्षाच्या दिवशी देवळाच्या उंबऱ्याशी बलालाने हात पुढे केले आणि त्याचा पाय घसरला. वस्त्र खाली पडणार तोच तारिबाने ते छातीशी कवटाळलं. बलाला गुडघा धरून कण्हत होता. माघारी फिरायची सोय नव्हती. ती सरळ आत शिरली.

"तारिबे, थांब! आत नको!"

देवीची बैठक रिकामी होती. तिच्यावर आठ वस्त्रं घडी घालून ठेवलेली. सगळी तिचीच. पहिल्या वर्षी काठात झालेली चूकसुद्धा तिने ओळखली. खालच्या घड्यांना कसर लागली होती.

ती उंबऱ्याकडे वळली. "देवी कुठंय?"

"एलामींनी नेली," बलाला उंबऱ्यावरून म्हणाला. "तुझ्या पोराला नेलं त्याच दिवशी. आम्ही कुणाला कळू दिलं नाही."

"मग मी बोलत कुणाशी होते रे, मेल्या?"

"जागेशी." तो गुडघा चोळत म्हणाला. "जागा उघडी पडली तर ती परतायची कशी? आम्हीही वाटच बघतोय गं."

तारिबाने नववं वस्त्र त्या आठांवर ठेवलं आणि ती बाहेर पडली.

घरी लमासी तंदुरात जवाच्या भाकऱ्या लावत होती. "काय म्हणाली देवी?"

तारिबाने तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत पोरीच्या कानशिलावर पांढरा केस आला होता. तो आजच दिसला.

"कुंभाराला जेवायला बोलाव," ती म्हणाली.

लमासीच्या हातातला गोळा निखाऱ्यात पडला. तारिबाने तो काढला नाही. तिचे हात अजून वस्त्र धरल्यासारखे छातीशीच होते.