सोन्याची सुई

एका बाईला मी पाच आठवडे खोटारडी ठरवलं, आणि त्या पाचही आठवड्यांत स्वतःच्या हातानं तिला सुई देत राहिलो. मला डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत होती. चिठ्ठीत सगळं लिहिलेलं होतं. चूक माझीच.

तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यात वडशाजवळच्या एका गावात खाजगी डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस दवाखाना माझ्यावर. या बाई तलावावर मासे धरणाऱ्या घरातल्या. आमवातानं त्यांची बोटं आखडली होती, जाळं विणणं सुटलं होतं. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सोन्याचं इंजेक्शन लिहून दिलं. सोन्याच्या क्षाराचं पिवळसर पाणी, आठवड्याला एकदा कमरेत. औषध तेव्हाच जुनं झालं होतं. आता ते कुणी लिहून देताना मला दिसत नाही. सोबतच्या चिठ्ठीत होतं: प्रत्येक सुईआधी लघवी तपासा, तोंडात आणि अंगावर पाहा, काही दिसलं तर सुई थांबवून पेशंटला पाठवा.

गावाला गंमत वाटली. "आता हिले बाहीर सोडाची सोय नाई, भाऊ," त्यांचे मालक म्हणायचे. "चोरानं उचलून नेली तं?"

"तुमाले तं कोणी फुकटात बी नेत नाई. चूप बसा," बाई म्हणायच्या.

चार महिन्यांनी बोटं सैल झाली. एकदा त्या जाळं घेऊनच आल्या आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून मला गाठ मारून दाखवली. ते आपणच केलं असं मला वाटलं, आणि तिथून माझं लक्ष सुटलं.

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत त्या सुनेसोबत आल्या. "भाऊ, तोंडाले चव नाई. पैसा चाटल्यावानी लागते."

गालाच्या आत लाल चट्टे होते. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा बाया खातात, माणसं खातात, मीही खायचो. अशी आलेली तोंडं मी रोज पाहत होतो.

"खर्रा सोडा, बाई."

"सोडला जी. नागपूरच्या डाक्टरनं सांगतलं तवाच."

"काऊन खोटं बोलता? तोंड तं सांगून राह्यलं."

सून हसली. "चोरून खात असन, भाऊ." त्या दिवसापासून ती सासूची उशी आणि लुगड्याची गाठ तपासू लागली.

लघवी तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या, त्या वडशाहून आणायच्या राहिल्या. तोंडाचं कारण तर मला कळलंच होतं. पुढे दंडावर खाज उठली, ती मी चिखलाची ठरवली. चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली होती. तिच्यावरच मी सुई भरायचो.

चौथ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, "भाऊ, हे एक सुई राहू द्याची का?"

"आता सोडली तं हात पुन्हा आखडतील," मी म्हणालो. त्यांनी सुईसाठी कूस वळवली. हाताची भीती त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती. पुढच्या आठवड्यात, तोंड आल्यापासून पाचव्यांदा, त्यांनी सुई घेतली.

दोन दिवसांनी सकाळी मालक धावत आले. "भाऊ, हिचे डोळे उघडून नाई राह्यले."

चेहरा सुजला होता, पाय सुजले होते. लघवीला बरेच दिवस फेस येत होता, पण कुणी विचारलं नव्हतं. गडचिरोलीच्या बसमध्ये मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. बस पुढच्या थांब्यावर थांबून पुन्हा निघाली, तरी तो भरला नाही.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं: तोंड, खाज आणि मूत्रपिंड, तिन्ही सोन्यामुळे. इंजेक्शन कायमचं बंद.

"काय लिवलं, भाऊ?" मालकांनी विचारलं.

"किडनीवर सूज आहे. आराम करा लागते," मी म्हणालो आणि कागदाची घडी घातली.

"खर्र्यानंच केलं," सून म्हणाली. मी ती घडी खिशात ठेवली.

मूत्रपिंडं सावरायला वर्षाच्या वर गेलं. बोटं मात्र पुन्हा आखडली ती आखडलीच. खर्र्यापायी किडनी घालवलेली बाई म्हणून गाव त्यांना ओळखू लागलं. खर्रा सोडा असं पेशंटना सांगताना एकदा मीसुद्धा त्यांचंच उदाहरण दिलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांच्या घरावरून जायचं टाळलं, एवढंच केलं.

गेल्या हिवाळ्यात गेलो. मालक आता नाहीत. बाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या, मनगटानं सुकटीवरच्या माशा हाकलत. मी खाली बसलो आणि गडचिरोलीच्या त्या कागदावर काय होतं ते सांगितलं.

"हे तुमाले तवाच मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काऊन सांगता? मी खाल्ला नाई, हे मले मालूम आहे." त्यांनी दाराकडे मान वळवली. "सून आत आहे. तिले आयकू जाईल असं सांगा."

मी उठून दारात गेलो. सून चुलीपासून वळली.

"तुझ्या सासूनं खर्रा चोरून खाल्ला नाई," मी मोठ्यानं म्हणालो. "तोंड त्या सुईनं आलं होतं आणि सुई मी देत होतो. त्या खरं बोलत होत्या, मी खोटा होतो." मग अंगणाकडे वळलो. "बाई, मले माफ करा."