फटफटीचा सातबारा

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या घरानं एक जुनी फटफटी विकत घेतली आणि अडीच महिन्यांत घालवली. ही हकिकत मी आजवर शाळेत, लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या स्टँडवर किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. नकला करून सांगते, लोक पोट धरून हसतात. पण सांगताना एक भाग मी कायम गाळत आले. आज तो घालून सांगते.

मी नगर शहरातली. मॅट्रिक झालेली, वर मास्तरकीचा कोर्स केलेला. लग्न करून पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात आले. नवरा त्याच गावच्या शाळेत मास्तर. दोन वर्षं मी चुलीपुढे बसून भाकरी थापल्या आणि एक दिवस जिल्हा परिषदेची ऑर्डर आली. मला नोकरी लागली होती. शाळा पाच मैलांवर, मध्ये एक घाटाचा चढ, एस.टी. नाही. पंधरा दिवसांत हजर व्हा, नाहीतर ऑर्डर रद्द.

सासूबाईंनी ऐकलं आणि कणीक मळत मळतच निकाल दिला, की घरची सून एकटी रानावनातून चालत जाणार नाही आणि दिवेलागणीला घराबाहेर राहणार नाही. म्हणजे नाहीच. मग आमच्या ह्यांनी सायकलवरून सोडायची तयारी दाखवली. एकदा प्रयोग झाला. चढाच्या मध्यावर सायकल मी ढकलत होते आणि हे मागून छातीवर हात ठेवून येत होते. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "फटफटी घिऊ. गाडी आली तर नोकरी, न्हाई तर न्हाई."

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न मी माझ्या हातातल्या पाटल्या काढून सोडवला. वडिलांनी घातलेल्या होत्या. त्या मोडताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, उलट सोनाराच्या ताजव्याकडे बघताना मी मनात पहिलीच्या वर्गाची हजेरी घेत होते. मला ती नोकरी हवी होती. इतकी की झोप लागत नव्हती.

आता मामंजी हा काय माणूस होता ते सांगायला हवं. सगळ्या पंचक्रोशीत बैलाची पारख त्यांच्याइतकी कुणाला नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि गावानंही ते मान्य केलेलं होतं. त्यांचा एक दोस्त, बैलांचा हेडी, बाजारोबाजार जनावरांची खरेदी-विक्री जमवून देणारा. त्यानं पारनेरच्या बाजारात बातमी आणली, की उत्तरेकडच्या पाटपाण्यावरचा एक बागाईतदार एक वर्ष वापरलेली फटफटी काढतोय. रविवारी तो बागाईतदार गाडी घेऊन दारात हजर. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं गाडी हा माणूस फुकटच देतोय.

मग सुरू झाली परीक्षा. मामंजी फटफटीभोवती तीनदा फिरले. मागच्या चाकावर थाप मारली. सीटवरून हात फिरवला, सायलेन्सरपाशी तळवा धरून धग किती लागते ते बघितलं. हेडी खाली वाकून इंजिनाखाली बघत राहिला, का ते देवाला माहीत. नंतर मामंजींनी फर्मावलं, "चालवून दाव." त्यानं गावाला दोन चकरा मारल्या. मामंजी चाल बघत उभे, डोळे बारीक करून. "डाव्या अंगाला वडती का वो जरा?" बागाईतदार म्हणाला, रस्ता उताराचा आहे. ते मामंजींना पटलं. मग हेडीनं टॉवेल पसरला, त्याखाली दोघांनी एकमेकांची बोटं धरली, दाबली, सोडली, पुन्हा धरली. जनावराच्या बाजारात भाव असाच ठरतो, आजूबाजूच्याला कळू नये म्हणून. आमच्या अंगणात आजूबाजूला मी, सासूबाई आणि एक शेळी होती.

भाव ठरला. पैसे बुधवारी द्यायचे. तोवर बागाईतदारानं विश्वास म्हणून गाडीचं बुक आमच्याकडं ठेवलं, रजिस्ट्रेशनचं, इंग्रजीतलं. आमच्या ह्यांनी ते उघडून गाडीवरच्या पाटीशी नंबर ताडून बघितला. "जुळतोय," म्हणाले, आणि त्यांचं इंग्रजी तिथं संपलं. मामंजींनी बुक माझ्या हातात दिलं. "देवापाशी ठिव. हळदकुंकू लाव."

पण मामंजी कच्चे नव्हते. शेजारच्या भावकीतल्या एकानं पूर्वी जमीन घेतली होती आणि तिच्यावर सोसायटीचं कर्ज निघालं होतं. तेव्हापासून मामंजींचा नियम झाला होता. "बोजा बघितल्याबिगर आमी काडी घेत न्हाई." झालं, सोमवारी पहाटे ते एस.टी.नं निघाले, दोन गाड्या बदलून बागाईतदाराच्या गावी गेले, तिथल्या तलाठ्याला, भाऊसाहेबाला, गाठलं, त्याला चहा-भजी चारली आणि बागाईतदाराच्या जमिनीचा सातबारा उतरवून आणला. रात्री कंदिलाजवळ तो कागद पसरून आम्हाला दाखवला. इतर हक्कांचा रकाना कोरा. सोसायटी नाही, बँक नाही, कूळ नाही, काहीच नाही.

"बघितलं का," मामंजी म्हणाले, "ज्याच्या रानावर बोजा न्हाई त्याच्या गाडीवर कुठनं यील?"

आमचे हे मान हलवत होते. हेडी मान हलवत होता. एवढे तीन कर्ते पुरुष, फटफटीवर कर्ज आहे का ते बघायला एक माणूस साठ-सत्तर मैल जाऊन जमिनीचा कागद घेऊन येतो आणि बाकीचे दोघे वाहवा करतात. मी भाकरी वाढत होते. मला हसू आवरत नव्हतं, पदराआड तोंड घेतलं.

हसायला मला बरीक मोकळीक होती. कारण गाळलेला भाग तो हाच. ते बुक देवापाशी ठेवताना मी उघडलं होतं. हळदीचं बोट लावायच्या आधी पान उलटून बघितलं. आत जांभळा शिक्का होता आणि खाली शाईनं लिहिलेलं. ही गाडी हायर पर्चेसच्या करारानं अमक्या फायनान्सवाल्यांकडे बांधलेली आहे. मला ते शब्द चांगले माहीत होते. माझ्या वडिलांनी आईला शिलाईचं मशीन तसंच घेतलं होतं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मशीन दुकानदाराचं, आपण नुसतं चालवायचं. सगळे पैसे फिटले की तो तसा कागद देतो, गाडी असेल तर मग बुकातल्या शिक्क्यावर रद्द म्हणून मारतात. या बुकात रद्दबिद्द काही नव्हतं.

मला एवढंच विचारायचं होतं, की फेडल्याचा कागद कुठं आहे. चार शब्द. रविवारी संध्याकाळी विचारता आले असते, सोमवारी मामंजी निघताना विचारता आले असते, मंगळवारी अख्खा दिवस होता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर व्यवहार थांबला असता, चौकशी लागली असती, नगरला खेटे झाले असते, आणि शुक्रवारी माझ्या ऑर्डरची मुदत संपत होती. फेडलं असेल, मी स्वतःला म्हटलं. शिक्का मारायचा राहिला असेल. एवढा टोपीवाला माणूस. मी बुकाला हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं आणि मूग गिळून बसले.

बुधवारी पैसे दिले, नारळ फुटला, पेढे वाटले. पावती कुणी मागितली नाही, बैलाची कुठं मागतात. गाडी नावावर करायला नगरच्या ऑफिसात जावं लागतं असं आमचे हे म्हणाले, तर मामंजी म्हणाले सुगी होऊ दे. शुक्रवारी मी साडीचा पदर कमरेला खोचून फटफटीवर ह्यांच्या मागे बसले आणि शाळेत हजर झाले. पहिलीत सतरा पोरं होती, त्यातली अकरा आली होती. मी इतकी खूश होते की सगळ्यांना एकेक लिमलेटची गोळी दिली.

अडीच महिने झकास गेले. फटफटीवर रात्री गोणपाट पडायचं, दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडली. दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या रविवारी दुपारी दारात जीप थांबली. दोन माणसं उतरली, एक पँटवाला आणि एक मेकॅनिक. पँटवाला सभ्य होता, आधी पाणी मागितलं. मग म्हणाला, गाडीचे सात हप्ते थकलेत, गाडी आमची आहे, आम्ही नेतोय.

मामंजी आत गेले. ट्रंकेतून सातबारा काढला, घडी उलगडली आणि पँटवाल्यापुढे धरला. "वाचा. बोजा निरंक."

त्या माणसानं कागद हातात घेऊन खरोखर सगळा वाचला. गट, आकार, पीकपाणी, सगळं. परत देत म्हणाला, "जमीन चांगली आहे हो बाबा. पण आम्ही जमीन न्यायला आलेलो नाही."

भिंतीपलीकडं कुणीतरी हसलं. तोवर अर्धं गाव जमलं होतं. मेकॅनिकनं किक मारली, फटफटी पहिल्या किकला सुरू झाली, आणि दोघांच्या मागोमाग धूळ तेवढी राहिली.

पुढचं सांगायला सोपं आहे. मामंजी बागाईतदाराकडं जाऊन आले. त्यानं चहा पाजला आणि उलट यांनाच ऐकवलं, की चार महिने दम धरला असता तर मी हप्ते भरणारच होतो. पैसे गेले ते गेले. आमच्या हातात कागद म्हणाल तर एकच होता, त्या भामट्याची जमीन स्वच्छ असल्याचा. गावाला मात्र कायमची करमणूक मिळाली. कुणी बाजारातून कोंबडी आणली तरी पारावरचे विचारायचे, "सातबारा काढला का?" मामंजी पारावर बसायचे बंद झाले. बाजारात बैल बघायला त्यांना कुणी बोलवेना. मी शाळेत मधल्या सुट्टीत बायांना ती पँटवाल्याची नक्कल करून दाखवायची, कागद वाचल्यासारखा धरून. फार छान जमायची.

गाडी गेली त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, आता राजीनामा लिही. मी रात्रभर छताकडे बघत पडले होते. सकाळी उठून बघते तर मामंजींनी छकड्याला बैल जुंपले होते. आत चवाळं अंथरलं होतं. "बस," म्हणाले. "माझ्या अकलेनं तुजी गाडी गेली. नोकरी न्हाई जाऊ द्यायचो."

तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत, सुट्टीचा वार सोडून एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. पाच मैल जाणं, पाच मैल येणं. मला सोडलं की दिवसभर शाळेमागच्या बाभळीखाली बैल सोडून बसायचे. गावातली कामं दुसऱ्याला पैसे देऊन करून घेतली. त्या शाळेतली पोरंसुद्धा त्यांना सातबारावाले बाबा म्हणायला लागली. कुणी शिकवलं ते मला विचारू नका.

फाल्गुनातली गोष्ट. सकाळीच ऊन चटकत होतं. घाटाच्या चढाला मामंजी नेहमीसारखे छकड्यातून उतरले, बैलांवर भार नको म्हणून, आणि कासरा धरून बाजूनं चालायला लागले. निम्मा चढ गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, तुला इंग्रजी येतं. त्या बुकात काय लिवलं हुतं का गं?"

मला वाटलं आता बोलावं. इथं कुणी नाही. ओरडतील, नाहीतर गप्प बसतील, काहीही होवो. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मी उघडलंच नव्हतं, मामंजी. तुम्ही दिलं तसं देवापाशी ठेवलं."

त्यांनी मान हलवली. "मी बी त्येच म्हनत हुतो. तू वाचलं असतंस तर बोल्ली असतीस."

चढ संपला. मामंजी छकड्यात चढून बसले, बैलांना हाकारलं. शाळेची घंटा व्हायच्या आत मी वर्गात पोचले होते.