मिसेस कोंडसरकर

शरयू गेल्याचं मला सिंगापूरला, आंग मो किओच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांत कळलं. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस करून ती तिथं मला भेटणार होती. समोरची कॉफी निवत चालली होती आणि मी मनातल्या मनात तिच्यावर चरफडत होते. फोन वाजला, तिचाच नंबर होता, म्हणून मी "कुठं मेलीस?" असं म्हणतच उचलला. पलीकडे अनोळखी आवाज होता, तिच्या ऑफिसातल्या चिनी बाईचा. "यू फॅमिली ऑर नॉट?" तिनं विचारलं. मी मैत्रीण असल्याचं सांगितलं. "देन हू इज फॅमिली, अह?" रॅफल्स प्लेसला एमआरटीच्या गाडीत चढता चढता शरयू कोसळली होती, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पंचावन्न वर्षांची धडधाकट बाई... ते "कुठं मेलीस" माझ्या तोंडातून अजून जात नाही. तिला नात्याचं असं एकच माणूस उरलं होतं, पुण्याच्या ताराआत्या, तिच्या वडिलांची थोरली बहीण, नव्वदी ओलांडलेल्या. आणि त्या आत्याशी ती गेले तीन महिने बोलत नव्हती.

आम्ही दोघी पुण्याहून एकाच वर्षी सिंगापूरला आलो. मी नवऱ्याच्या नोकरीच्या पासवर आले आणि ती स्वतःच्या, हे ती मला अधूनमधून ऐकवायची. बँकेत डेटा तपासण्यात तिची हयात गेली होती, त्यामुळे 'असेल' हा शब्द तिला सोसायचा नाही. "भात शिजला असेल" म्हटलं तरी उठून शीत दाबून बघायची. माझी मुलगी म्हणायची, "शरयू मावशी सो स्ट्रिक्ट, ला!" अशा बाईला ताराआत्यांनी एका रविवारच्या फोनवर नेमकं तिच्याजोगतं काम दिलं. "तू तिथं आहेसच, तर माझ्या आजोबांचं बघ जरा," त्या म्हणाल्या. आत्यांचे आजोबा म्हणजे शरयूचे पणजोबा. तान्हा मुलगा आणि तरुण बायको कोकणात ठेवून ते बोटीनं सिंगापूरला नोकरीला गेले. दोन-चार पत्रं आली, मग तीही थांबली. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला अग्नी दिला आणि सुतक पाळलं. त्या दिवशी पणजीचं कुंकू पुसलं, केस काढले, तिला लाल अलवण नेसवलं. ती मात्र मरेपर्यंत एकच सांगत राहिली, "ते आहेत." लोक म्हणायचे, हिचं डोकं फिरलंय. आईविना पोरक्या आत्यांना लहानपणी या आजीनंच वाढवलं होतं. आजी खरं बोलत होती का, एवढंच त्यांना मरायच्या आधी जाणून घ्यायचं होतं.

शरयूनं त्या कामाला स्वतःला जुंपून घेतलं. इथले जुने इंग्रजी पेपर आता कॉम्प्युटरवर वाचता येतात, आणि त्यांत बंदरात आलेल्या बोटी आणि उतारूंची नावं छापलेली असतात. पण नावं फक्त केबिनवाल्यांची. डेकवरून आलेल्यांचा नुसता आकडा. पणजोबा गरीब कारकून, ते डेकवरच असणार, असं धरून ती कितीतरी महिने ते आकडे वाचत बसली. "या आकड्यात कुठंतरी ते आहेत, आणि मला बोट ठेवता येत नाही," असं म्हणून एकदा माझ्या स्वयंपाकघरात चक्क रडली. मी तिला हसले. एवढ्याशासाठी कोण रडतं!

मग एका रविवारी तिनं मला यिशुनला तिच्या फ्लॅटवर बोलावून घेतलं. दार उघडून ती आत गेली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पेनांगहून आलेली बोट, दुसरा वर्ग. मिस्टर आणि मिसेस व्ही. जी. कोंडसरकर, मिस कोंडसरकर. तिचंच आडनाव, पणजोबांचीच आद्याक्षरं; मी तर आनंदानं ओरडलेच. "तारीख बघ," ती म्हणाली. पणजी वारली त्याच वर्षीचा पेपर होता, ती गेल्यानंतर पाच महिन्यांचा. म्हणजे तिकडे कोकणात त्या बाईचं डोकं भादरलं तेव्हा नवरा जिवंत होता, आणि ती गेली तेव्हाही होता... शिवाय बायको आणि मुलीसकट होता. दुसरे कोणी कोंडसरकर असतील, असं मी म्हणून पाहिलं. तेही तिनं तपासलं होतं. त्याच सुमारास एका व्यापाऱ्यानं पेपरात नोटीस दिली होती, की आपण बाहेरगावी असताना कारभार हे गृहस्थ पाहतील. तिच्यात त्यांचं सबंध नाव होतं, वडिलांच्या नावासकट. "खरी मिसेस कोंडसरकर अलवणात मेली," शरयू म्हणाली, "आणि ही बघ, दुसऱ्या वर्गातून उतरतेय."

आमचं भांडण झालं ते त्यानंतर. मी म्हटलं, "निम्मं सांग. आजीचं खरं होतं, ते जिवंत होते, एवढं ऐकून म्हातारी सुखानं जाईल." ती उसळलीच. "निम्मं म्हणजे खोटं." मग पुरतं सांग म्हटलं, तर तेही तिच्यानं होईना. नव्वदीच्या माणसाला आजोबांचा दुसरा संसार कुठल्या तोंडानं सांगायचा? आणि फोन केला की आत्या विचारणार, सापडलं का काही? खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगवत नाही, म्हणून माझी ही शहाणी मैत्रीण फोनच करीनाशी झाली. आत्यांचे फोन वाजून वाजून बंद पडायचे, आणि ही शेजारी बसून वाजणाऱ्या फोनकडे बघत राहायची. बारीक झाली, चिडकी झाली. तिच्या छातीत दुखत होतं का, मला माहीत नाही. दुखत असलं तरी तिनं सांगितलं नसतं.

तेरावं झाल्यावर ताराआत्यांचा मला फोन आला. रडणं संपलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "माझं काय चुकलं होतं गं? मी तिला म्हटलं होतं, म्हातारपणी तुझं कोण बघणार? तेच लागलं ना तिला?" आता गप्प बसणं मला शक्यच नव्हतं. मी सगळं सांगितलं, त्या दुसऱ्या मिसेससकट. मग त्या म्हणाल्या, "आजी ज्येष्ठात गेली. पेपर कुठल्या महिन्याचा?" मी म्हटलं, "नोव्हेंबरचा." "म्हणजे ती अहेव गेली... आणि आम्ही तिला वेडी म्हणालो." मग त्यांनी विचारलं, "त्या दुसरीला तरी ठाऊक होतं का गं?" मला काय ठाऊक! मी हे छापायला देऊ का, असंही त्यांना नंतर विचारलं. "दे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात फार लपवून झालं."

पितृपक्षातल्या नवमीला मी यिशुनला शरयूचं सामान बांधत होते. घरमालकाला फ्लॅट परत हवा होता. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. एवढ्या वर्षांत पणजीचं त्या तिथीला कधी झालं नव्हतं. दुपारी आत्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी मांडीवर आजीचा फोटो धरला होता. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली बाई, मोकळं कपाळ, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी. आत्यांनी करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं आणि फोटोच्या काचेवर टेकवलं. बोट घसरलं आणि कुंकू कपाळावरून नाकापर्यंत ओढलं गेलं.

"नीट लागलं का?" त्यांनी विचारलं.

"वाकडं झालंय, आत्या."

"असू दे. शरयूला दाखव."

मी फोन उलटा केला आणि त्या खोलीकडे धरला. गादी गुंडाळलेला पलंग, रिकामं टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेली तिची खुर्ची. "दिसलं का गं?" आत्या विचारत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि मला फोन खाली घेता येईना.