काकींच्या गाडीची डिकी

"धरायला माणूस नको मला," असं म्हणत काकी एका हाताने पदर खोचायच्या आणि दुसऱ्या हाताने मदतीला आलेल्याला गाडीपासून बाजूला सारायच्या. नव्वदच्या दशकात तुम्ही बारामती-इंदापूर रस्त्याने जात-येत असाल, तर ती गाडी तुम्हीही पाहिली असेल. बसकी, दोन दारांची, लाल रंग विटलेली परदेशी स्पोर्ट्स कार. शर्यतीसाठी जन्मलेली ती गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागून निमूट चालायची, कारण आत मिरची-टोमॅटोची कोवळी रोपं असायची.

काकी बारामतीजवळ आमच्या शेजारी राहायच्या. आता त्यांची इंदापूरकडे मोठी रोपवाटिका आहे आणि इथलं घर बंद असतं. त्यांचे यजमान बोटीवर नोकरीला होते. मुंबईत कुणी परदेशी साहेब मायदेशी परतताना ही गाडी विकत होता, ती यजमानांनी हौसेने घेतली, दारात आणून लावली आणि परत बोटीवर गेले. काकी पन्नाशीला टेकलेल्या, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या. पिंपळीच्या माळावर त्या गाडी शिकल्या. सीटवर दोन उशा घ्यायच्या. घरामागच्या तुकड्यात त्यांनी रोपं करायला घेतली होती आणि ती पोचवायला टेम्पोवाला यायचा नाही. थोडक्या मालासाठी कोण येणार? तेव्हा गाडी होती म्हणून रोपवाटिका होती.

अडचण डिकीची होती. या गाडीची डिकी म्हणजे मागची अख्खी काच, वर उघडणारी. ती तोलून धरणारे दोन्ही बाजूंचे गॅसचे शॉकर मेले होते. काकी तिला काठीचा टेकू द्यायच्या. एकदा रोपांचा ट्रे उचलताना काठी निसटली आणि काच काकींच्या मनगटावर आली. हात गळ्यात बांधून त्या फिरू लागल्या, तसे त्यांचे दीर आले.

"वैनी, एक तर संगं माणूस ठेवा, न्हायतर गाडी इका. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. संक्रांतीपातुर बघतो."

"माणसाच्या जागंत चार ट्रे बसत्यात, भावजी."

"मग हात मोडून घ्या."

दीर माणूस वाईट नव्हता. मोठा भाऊ समुद्रावर, मागे वहिनीला काही झालं तर जबाब कोण देणार, ही त्यांची काळजी. पण काकींनी माणूस ठेवला नाही.

या गाडीचे शॉकर नवे मिळणं शक्यच नव्हतं. आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीने पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसऱ्याच कुठल्या गाड्यांच्या दोन जोड्या आणल्या. एक बारीक, एक जाड.

"दणकट टाका, काकी. परत बघायला नको."

"दणकट टाकून काच फुटली तर?"

प्रश्न बरोबर होता. तशी काच पुन्हा मिळणार नव्हती. मी मोजणी खात्यातला, मला अंदाज चालत नाही. ताणकाटा डिकीच्या कडेला अडकवून वजन घेतलं, बिजागरीपासूनची अंतरं मोजली, हिशेब केला. बारीक जोडी पुरेशी होती. मिस्त्रीने ती बसवली, काच वर गेली आणि थांबली. मी समाधानाने काकींकडे पाहिलं.

"दुपारी काय, दुपारी सगळेच उभे राहत्यात," काकी म्हणाल्या. "मी ट्रे भरते पहाटं. गारठ्यात माझं गुडघं धरत्यात, ह्यांचं बी कायतरी व्हईल."

दुसऱ्या दिवशी उजाडताना स्वेटर घालून आम्ही तिघे गाडीमागे उभे. काच वर गेली, थोडा वेळ राहिली आणि गाडीत डुलकी लागलेल्या माणसाच्या मानेसारखी हळूहळू खाली आली. थंडीत आतला गॅस आखडतो. माझा हिशेब दुपारपुरता बरोबर होता.

मग जाड जोडी बसवली. ती गारठ्यातही ताठ राहिली आणि काचेलाही काही झालं नाही. पण काच इतकी वर गेली, की काकींचा हात कडेला पुरेना.

"आता वडायला कुणीतरी..." मिस्त्री बोलता बोलता थांबला, कारण काकी त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी घरातून खाटेच्या नवारीचा तुकडा आणला, कडेला आतून बांधायला लावला आणि त्याला लोंबकळल्या. डिकी बंद.

एवढ्याने भागलं असतं तर बरं होतं. शेताच्या वाटेवर एक चाक चाकोरीत उतरलं, की डिकीचं कुलूप लागेना. मी एका मागच्या चाकाखाली विटा दिल्या आणि काचेच्या दोन्ही बाजूंची फट पट्टीने मोजली. एकीकडे जास्त, एकीकडे कमी. गाडीचं अंगच पिळत होतं.

"खांदं सुटलंत गाडीचं," मिस्त्री म्हणाला. "खालनं पट्टी मारली तर दगडाला घासंल. मागच्या चाकांवरच्या दोन खांद्यांमधी आडवा पाइप टाकावा लागंल."

"आन ट्रे कुठं ठिवू? तुझ्या डोक्यावर?"

मिस्त्रीने पाइप जागेवर धरून दाखवला. बरोबर ट्रेच्या रांगेवर येत होता. काकी वाकून बघू लागल्या.

"ह्याच्यावर फळी बसंल का?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघू लागलो. खाली एक थर, पाइपावर फळी, फळीवर दुसरा थर. ज्याने जागा खाल्ली असती, त्याने ती वाढवली. मिस्त्रीने पाइपाच्या दोन्ही टोकांना जाड पत्रे जोडून तो बोल्टाने आवळला. काकी त्याला 'जू' म्हणू लागल्या. मी पुन्हा विटा ठेवून फट मोजली. दोन्ही बाजू सारख्या.

संक्रांतीच्या आधी दीर सकाळीच आले. काकींनी शेताच्या वाटेवर, एक चाक मुद्दाम चाकोरीत ठेवून गाडी लावली. काच वर गेली. दोन्ही हातांत ट्रे घेऊन त्या आत-बाहेर करत राहिल्या, खालचा थर, मग फळीवरचा. दीर काचेखाली हात धरून उभे राहिले, तेव्हा काकींनी कोपराने तो हात बाजूला केला. शेवटी नवार धरून लोंबकळल्या. खट्. कुलूप लागलं.

दीर गाडीला एक फेरी मारून आले. डिकी एकदा ओढून पाहिली. मग घसा खाकरून म्हणाले, "वैनी, इंदापुरात मला बी जरा काम हाय."

"मग बसा की."

ते धोतर सावरत त्या बसक्या गाडीत कसेबसे शिरले, गुडघे पोटाशी घेऊन. एक ट्रे उरला होता. काकींनी तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दार लावलं.

"सरळ धरा. मिरची हाय."

गाडी हलली. खड्डा आला, तसे दिरांनी दोन्ही हात रोपांभोवती आडवे धरले.