पाडायची भिंत

साईटवर मामाला सगळे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन वरून सोडतो, तो ओळंबा. मामा एक डोळा मिटून, मान जराशी कलती करून कुठल्याही उभ्या वस्तूकडे पाहायचा आणि ती किती बोटं बाहेर आहे ते सांगून टाकायचा. मग खरा ओळंबा लावला की तोही तेवढंच सांगायचा.

मामी म्हणायची, “आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे माझ्याकडे बघतायत आणि नवरदेव मागच्या खिडकीच्या चौकटीकडे!”

घरात दाराजवळ एक आरसा आहे. त्याचा खिळा सैल. दार आपटलं की आरसा कलतो. मामा येता-जाता बोटाने तो सरळ करायचा. जेवताना कलला तर घास ताटात ठेवून उठायचा. “बसा हो, आरसा पळून नाही जात,” असं मामीने किती वेळा म्हटलं असेल.

एका सकाळी परांचीची फळी निसटली आणि तो दुसऱ्या मजल्यावरून खाली वाळूच्या ढिगाच्या कडेला पडला. वाळूने जीव वाचवला, कडेने खांदा मोडला. उजवा. डॉक्टरांनी एक पट्टी आणि सहा स्क्रू बसवले. भेटायला येणाऱ्यांना तो सांगायचा, “आता आतून लोखंड घातलंय. मी आरसीसी झालो.” लोक हसायचे. ते गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

सात महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. जखमी कामगारांना पुन्हा कामाची सवय लावणाऱ्या केंद्रात बारा आठवडे जायचं. शेवटच्या शुक्रवारी कंपनीचे डॉक्टर येणार, काम करून घेऊन पाहणार आणि सही करणार. पास झाला तर परत परांचीवर. नाहीतर स्टोअररूममध्ये खुर्चीवर बसून थाप्या आणि हेल्मेटं वाटायची.

“पगारात फार फरक नाही म्हणतात,” मामी म्हणाली.

“माझी थापी दुसऱ्याच्या हातात द्यायची, एवढाच फरक आहे,” मामा म्हणाला.

मामी सकाळीच लाँड्रीत कामाला जायची, म्हणून त्याच्याबरोबर बसने मी जायचे. वरचा दांडा तो डाव्या हाताने धरायचा आणि उजवा हात पिशवीसारखा पोटाशी सांभाळायचा.

केंद्राचा हॉल लांबलचक होता. तिथे प्रत्येकाला त्याचंच काम दिलेलं असायचं, फक्त खोटं. ड्रायव्हरसाठी खुर्चीसमोर स्टिअरिंग, पुढे बस नाही. पत्रे कापणाऱ्या प्रेसवाल्याला पायाने दाबायचं पेडल, वर पातं नाही. आणि मामाला कोपऱ्यात विटा, थापी, घमेलं आणि माती-वाळू कालवलेला माल. दिसायला सिमेंटच्या मालासारखाच, पण विटा धरून ठेवायचा नाही. दिवसभरात अठरा थरांची भिंत बांधायची, म्हणजे त्याच्या डोक्याएवढी. चार वाजता तीच पाडायची, विटा धुवायच्या, रचून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या थरापासून.

“काय ओळंबा, आज कुठली बिल्डिंग?” प्रेसवाला रोज विचारायचा. त्याच्या हाताला दोनच बोटं उरली होती, पण जिभेला काही झालं नव्हतं.

“कालचीच.”

“तुझं बरंय. तुला पाडायला तरी काही आहे. मी सकाळपासून हवा दाबतोय.”

व्यायाम घेणारी ताई माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. ती प्लास्टिकच्या कोनमापकाने मामाचा हात मोजायची. “काका, खांदा वर उचलू नका, हात उचला. मला फसवताय तुम्ही.”

“तुम्हाला नाही हो ताई, खांद्यालाच फसवतोय.”

हात शंभर अंशांवर अडकला तो अडकलाच. तरी भिंत रोज अठरा थर व्हायची. वरच्या थरांना तो टाचा उचलून, कमरेतून वळून विटा बसवायचा. मी एकदा विचारलं, “मामा, ओळंबा का नाही लावत?” पिशवीत तो रोज असायचा.

“उभ्या राहणाऱ्या भिंतीला लावतात तो,” मामा म्हणाला. “पाडायच्या भिंतीला ओळंबा लावणं म्हणजे त्याचा अपमान.” एक डोळा मिटूनही तो त्या भिंतीकडे कधी पाहायचा नाही.

अकराव्या आठवड्यात त्याने मामीला सांगितलं की डब्याच्या एकाच पुडात जेवण दे, भूक लागत नाही. मामीने ते मनाला लावून घेतलं. “आतल्या आत कुढतायत,” ती मला म्हणाली. बसस्टॉपजवळ एका इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या गवंड्याशी मामा रोज दोन मिनिटं बोलायचा. गवंडी गवंड्याशी बोलतो, त्यात मला काय वाटणार?

शेवटच्या गुरुवारची भिंत बांधून झाली आणि चार वाजले. मामा म्हणाला, “ताई, आज खांदा ठणकतोय. उद्या सकाळी लवकर येऊन पाडतो.” ताईने मान डोलावली.

शुक्रवारी त्याचा खांदा जपायला ताईच भिंत पाडायला गेली तर वीट हलेना. तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग मालाला नख लावलं आणि मामाकडे वळली.

“काका, यात काय घातलंत?”

“सिमेंट.”

“कुठून आणलंत?”

“डब्यातून,” मामा म्हणाला. अपराध्यासारखा नाही, थोडासा लाजून. “अकरा आठवडे पाडतोय, ताई. एक तरी राहू दे म्हटलं.”

प्रेसवाल्याने टाळी वाजवायला हात उचलले आणि ताईचा चेहरा पाहून खाली केले. ती रडकुंडीला आली होती. “अहो, कंपनीचे डॉक्टरसाहेब येतायत! आता त्यांच्यासमोर काय बांधणार तुम्ही?”

पण साहेबांना घाई होती. त्यांनी भिंतीला तळहात लावून जोर दिला. भिंत ढिम्म. “एकट्याने बांधली? काल? मग आणखी काय बघायचं,” ते म्हणाले. त्यांनी टेबलावर फॉर्म ठेवला, पेनाचं टोपण काढलं.

मामी अर्धी सुट्टी घेऊन आली होती. तिने माझा हात घट्ट धरला.

आणि मामाने पिशवीतून ओळंबा काढला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. भिंत उभी राहिली होती, म्हणून. बस, एवढंच. त्याने डाव्या हाताने छातीच्या उंचीवर दोरीच्या वरच्या टोकाचा लाकडी ठोकळा भिंतीला टेकवला आणि वजन सोडलं. दोरी फिरली, थांबली. वजन खाली विटेला जेमतेम शिवलं. बरोबर. मग टाचा उचलून त्याने ठोकळा सगळ्यात वरच्या थराला टेकवला.

वजन खाली भिंतीपासून लांब लोंबकळत राहिलं.

त्याने मान कलती केली, एक डोळा मिटला, उघडला. वरच्या सगळ्या विटा त्याच्याकडे झुकल्या होत्या. हात जिथे पोचत नव्हता, तिथे त्याने नकळत भिंतच जवळ ओढून घेतली होती. अकरा आठवडे रोज. रोज चार वाजता पुरावा धुतला जात होता.

साहेब लिहीत होते. मामी पुटपुटली, “अहो, ठेवा ना तो आत.”

“साहेब,” मामा म्हणाला, “वर दोन बोटं बाहेर आहे.”

“असू दे हो. दोन बोटांनी काय होतंय?”

“खालून माणसं जातात, साहेब.”

साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताई खाली पाहत होती. साहेबांनी पेन क्षणभर हवेत धरलं आणि मग दुसऱ्या रकान्यात खूण केली.

बसमध्ये मामी एवढंच म्हणाली, “गप्प बसता येत नव्हतं?” मग तिने त्याची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

भिंत अजून तिथेच आहे. खांदा दुखावलेले लोक तिच्यावर बोटं चालवत हात वर नेतात. ताईने थरांना खडूने आकडे घातलेत. प्रेसवाला तिला ओळंब्याची बिल्डिंग म्हणतो.

मामा स्टोअरमध्ये जातो, वेळेवर येतो. परवा मी गेले तेव्हा तो आरशासमोरच्या खुर्चीत बसला होता. मामी आतून आली आणि माझ्यादेखत तिने आरसा बोटाने कलता केला. चांगला तीन बोटं. मग भाजी निवडायचं नाटक करत बसली.

मामाने वर पाहिलं. सवयीने मान कलती झाली, एक डोळा मिटला. डावा हात नुसता लांब केला असता तरी पुरलं असतं. तो उठला, खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि पुन्हा बसला.

मामी बराच वेळ निवडलेलीच भाजी निवडत राहिली.