साडूभाऊंचा ट्रक

मोडलेल्या ट्रककडे माझ्या साडूभाऊंइतक्या मायेने पाहणारा माणूस साऱ्या नागपुरात नव्हता. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातही असेल असं वाटत नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांना सायकलसुद्धा धड चालवता येत नसे. चौक आला की उतरायचे आणि ती हातात धरून न्यायचे. पण सकाळी वर्तमानपत्र आलं की आधी अपघातग्रस्त वाहनांच्या जाहीर लिलावाच्या नोटिसा उघडत आणि उपवर मुलीच्या बापाने स्थळं वाचावीत तशा वाचत. ट्रक घाटात उलटलेला असेल तर चेहरा खुलायचा. झाडावर आदळलेला असेल तर "त्यात काही दम नाही" म्हणून पान उलटायचे.

माझ्या दिवाळसणाला त्यांनी मला नागपूर दाखवायला नेलं. लोक पाहुण्याला अंबाझरीचा तलाव दाखवतात. साडूभाऊंनी मला थेट वाडीच्या पलीकडे, लिलावाचे ट्रक उभे असतात त्या मैदानावर नेलं. नव्या लेंग्याला ग्रीस लागू नये म्हणून मी अंग चोरून चालत होतो आणि हे ट्रकच्या पोटाखाली शिरून, दवाखान्यातल्या सवयीने, इथे तिथे दाबून पाहत होते. समोरून पार चेपलेल्या एका ट्रकपाशी मी हळहळलो, तेव्हा खालून आवाज आला, "तोंडावर जाऊ नका. कमर सरळ हाय. वाचते हा."

अशी तपासणी वर्षानुवर्षं चालली. बोली मात्र त्यांनी कधीच लावली नाही. भंगारवाले त्यांना ओळखू लागले, चहा पाजू लागले आणि अर्थात चिडवूही लागले. एका लिलावात त्यांच्यातला एक सगळ्यांसमोर म्हणाला, "कंपाउंडरसाब, नब्ज देखते हो, दवा कभी नहीं देते." साडूभाऊंचे कान लाल झाले. पुढच्याच ट्रकला त्यांनी हात वर केला. आपल्या बोलीवर कुणीतरी चढेल, अब्रूही राहील आणि पैसेही राहतील, असा त्यांचा हिशेब. पण भंगारवाल्यांनी एकमेकांना डोळे घातले आणि सगळे एकदम मुके झाले. एक वार, दोन वार, तीन वार! डाव्या बाजूला दार नाही, इंजिनाच्या जागी नुसतं भगदाड, असा तो ट्रक साडूभाऊंचा झाला.

ताईंच्या स्वयंपाकघरावर स्लॅब टाकायला ठेवलेले पैसे त्यात गेले. मानेवाड्याकडच्या त्यांच्या घरापुढे तो ट्रक ओढून आणला तेव्हा ताई काहीच बोलल्या नाहीत आणि पुढेही कित्येक दिवस बोलल्या नाहीत. साडूभाऊंनी समजूत काढायला ट्रकची ताडपत्री स्वयंपाकघराच्या कौलांवर पसरली. त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं.

शेवटी मला मध्यस्थीला बोलावलं. मी पोचलो तर ताई पेटी घेऊन बाहेर निघालेल्या. त्या तडक ट्रकच्या केबिनमध्ये चढल्या, पेटी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "एवढा ट्रक आणला ना तुमी, तं मले उमरेडले सोडून द्या." उमरेड हे त्यांचं माहेर; वाटेत पाचगाव लागतं. आता साडूभाऊ गयावया करतील असं मला वाटलं. ते शांतपणे दुसऱ्या बाजूने चढले, स्टिअरिंग धरलं आणि म्हणाले, "धरून बस वं. तिकडून दार नाही."

दोघं समोर बघत बसले. मी खाली उन्हात उभा. साडूभाऊ मात्र मधूनमधून इमानदारीने गिअर बदलत होते. अखेर ताईंचे ओठ हलले, "पाचगाव आलं का?"

"येऊन राह्यलं. तिथं चहा घेऊ."

ताई हसल्या ते पेटी खाली पडेपर्यंत. मग उतरून त्यांनी खरोखरच चहा केला आणि आम्ही तिघांनी तो केबिनमध्ये बसून प्यायला. त्यानंतर ट्रकचं नाव काढून त्या कधी भांडल्या नाहीत. साडूभाऊंनी त्याला टायर बसवले, स्टिअरिंग दुरुस्त केलं, निळा रंगही दिला. इंजिन काही जमलं नाही. त्यांना त्याची फार खंतही वाटत नसावी.

साडूभाऊ गेल्यावर त्यांच्या मुलाने ट्रक विकला. ओढून नेताना स्टिअरिंगवर कुणीतरी लागतं म्हणून मला बसवलं. पुढच्या गाडीला साखळदंड अडकवत होते, तेवढ्यात ताई आल्या. हाताला धरून त्यांना वर घेतलं. त्यांनी मोठ्या रस्त्यापर्यंतच यायचं, असं ठरलं.

ट्रक हलला. घर मागे पडलं. ताई पदर आवरून, दाराच्या रिकाम्या चौकटीला धरून बसल्या होत्या. वारा लागत होता. मोठा रस्ता आला, तशी पुढची गाडी थांबली आणि मी ताईंकडे पाहिलं.

त्या समोरच बघत होत्या. म्हणाल्या, "अजून थोडं जाऊ द्या."