चिंचेचं तिखलं

वडील मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेले, मालवणजवळच्या आमच्या घरी, चहाची वाट पाहत. आईने कप आणला तेव्हा ते गेलेले होते. त्यानंतर ती स्वयंपाकघरात गेली नाही.

तेरा दिवस ती रडलीही नाही. लोक येऊन बसत. ती खिडकीकडे तोंड करून ऐके. दिवसभरात वाटीभर पेज पोटात जाई. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल.

तेराव्यानंतर घरात पुन्हा मासे शिजले. चूल आत्याच्या ताब्यात होती. वडिलांची ही धाकटी बहीण मसुऱ्याला दिलेली. तिच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्यासाठी, त्या दाट आंबट-तिखट कालवणासाठी, लोक वाट वाकडी करतात. पहिल्या दिवशी तिने तिखल्याला, कधी नसते ती, मोहरीची फोडणी दिली. आईने पाहिलं आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी तिखल्यात बटाटा निघाला.

"ह्या काय?" आईने विचारलं. पंधरा दिवसांतला तिचा हा पहिला प्रश्न.

"बटाटो. मुंबैत घालतत."

हे मुद्दाम चाललंय का, असं मी आत्याला पडवीत विचारलं.

"वय झाला, झिला. आठवणा नाय."

संध्याकाळी तिने मला तिच्या पिशवीतून रक्तदाबाची गोळी आणायला पाठवलं. पिशवीत साडीखाली आमच्या घरचा तिरफळांचा डबा आणि सोलांची, म्हणजे आमसुलांची, बरणी होती; या दोन्हींशिवाय आमचं तिखलं होत नाही. मी दोन्ही तिच्यासमोर धरली.

"ह्या पेपरात छापू नको," ती म्हणाली. मी पेपरात वार्ताहर आहे.

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "आंबट वास कसलो येता गो?"

"चिंच घातलंय, वयनी. सोलां गावली नाय."

"आणि तिरफळां?"

"ती आणि कित्याक?"

आई उठली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थोडी थांबली, मग आत गेली. डबा आणि बरणी पुन्हा फळीवर जागच्या जागी होती.

"ही काय? आंधळी काय गो तू?"

"वय झाला, वयनी."

"सरक."

आत्या सरकली. चिंचेचं तिखलं माडाच्या बुंध्याशी गेलं. आई नवं वाटप करायला पाट्यावर बसली. खोबरं वाटता वाटता म्हणाली, "चिंचेचा तेंका चलला नसता." आणि रडू लागली. हात थांबला नाही. वाटप गंधासारखं झालं तरी ती वाटतच होती.

आवाज ऐकून शेजारीण मागच्या दारात आली.

"कांदो लागलो," आत्याने तिला सांगितलं.

आमच्या तिखल्यात कांदा नसतो.

दीड वाजता ताटं वाढली. आईने भाताबरोबर दोन बांगडे खाल्ले. बांगड्याचं डोकं नेहमी वडील घेत. तेही तिने घेतलं.